बिनवासाचे लाडू

आईनं मी केलेल्या खजूर-दाण्याच्या लाडवाचा एक घास तोडला, सावकाश चावला आणि उरलेला गोळा वाटीत परत ठेवून दिला. बोलली काहीच नाही. माझी आई ज्यांना माहीत नाही त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण ही बाई लग्नाच्या पंक्तीत बसून मठ्ठ्यात आलं कमी पडल्याचं वाढप्याला सांगते. शेजारून वाटीभर आमटी आली तर आधी 'छान झाली होती हं' म्हणते आणि मग हिंग कुठला वापरता याची चौकशी करते. खाण्याच्या पदार्थावर तिला मत नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. त्या संध्याकाळी मात्र तिनं रुमालानं बोटं पुसली, जिभेनं कवळी जागेवर बसवली आणि मालिकेकडे तोंड फिरवलं. वाटीतल्या गोळ्यावर तिच्या दातांची खूण तेवढी राहिली. 'आवडला नाही का गं?' मी विचारलं. 'आवडला की,' ती म्हणाली. ते जास्त लागलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला सोलापूरहून पुण्याला आणलं, तेव्हापासून आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेला. आईचं वजन ४८ किलो. धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं कोष्टक सांगतं. पण वय झालेल्या, त्यातून अंथरुणातून उठून पुन्हा चालायला शिकणाऱ्या माणसाचा स्नायू भराभर झडतो, त्याला एक ते सव्वा ग्रॅम हवीत. म्हणजे दिवसाला ४८ ते ६० ग्रॅम. आता आईचं खाणं बघा. सकाळी चहा, दुपारी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, वाटीभर आमटीतली वरची पातळ, संध्याकाळी ताक. ओढूनताणून तीसच्या आसपास. अंडं तिला चालत नाही, पनीर आवडत नाही, सोयाबीनच्या वड्यांना ती नावं ठेवते ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. दुधात घालायची पावडर आणली होती. एकदा प्याली आणि 'खडू आहे का गं हा' म्हणाली. डबा आजही ओट्याच्या वरच्या फडताळात आहे आणि त्याची किंमत आठवली की मी तिकडे बघत नाही.

अशा वेळी खजूर-दाण्याचे हे न भाजता होणारे गोळे फार सोयीचे वाटतात. एका हातात मावणारे, चमचा-ताटली काही न मागणारे, पलंगावर बसल्या बसल्या तोंडात टाकता येण्यासारखे. इंग्रजी पाककृतींत त्यांचं पहिलं कौतुक असतं ते ओव्हन लावावा लागत नाही याचं. आमचा ओव्हन मोठी परात आणि पापडाचे डबे ठेवण्याच्या कामी येतो, त्यामुळे मला त्या कौतुकाचं काही वाटलं नाही. पण गॅसही लावायचा नाही, याचं मात्र वाटलं. मे महिन्याच्या उकाड्यात, ऑफिसातून आल्यावर, कपडेही न बदलता करता येईल असा खाऊ. २०० ग्रॅम मऊ काळा खजूर, बिया काढून. १५० ग्रॅम भाजलेले, सोललेले दाणे, दुकानातून आयते. ५० ग्रॅम डाळं, तेवढेच ओट्स, २५ ग्रॅम तीळ, दोन वेलदोडे आणि चिमूटभर मीठ. कोरडं सगळं आधी फिरवायचं, मग त्यात खजूर टाकून पुन्हा फिरवायचं. मिक्सर जरा कुरकुरतो, मध्येच थांबतो, भांडं काढून हलवावं लागतं. आणि मग एका क्षणी सगळं मिश्रण पात्याभोवती गोळा होऊन एकत्र फिरू लागतं. हाताला पाणी लावून वळले की झालं. वीस गोळे. पंधरा मिनिटं. मला तर वळतानाच इतकं बरं वाटत होतं की आईच्या कागदावरचा आकडा आपण आता गाठलाच, अशी माझी खात्री झाली.

रात्री कागद-पेन घेऊन बसले तेव्हा ती खात्री उतरली. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दीडशेत ३७. डाळ्याची दहा, ओट्सची सहा, तिळाची चार-साडेचार. आणि ज्याचं वजन सगळ्यांत जास्त त्या खजुराची? दोनशे ग्रॅमला जेमतेम पाच. सगळं मिळून ६३-६४ ग्रॅम, भागिले वीस. एका गोळ्यात तीन ग्रॅम आणि थोडी. दोन खाल्ले की एका अंड्याइतके. शिवाय प्रत्येकात खजुराची साडेसहा ग्रॅम साखर आणि शंभरच्या घरात कॅलऱ्या. माझ्या भाच्याच्या जिममध्ये काउंटरवर काचेच्या बरणीत हेच ठेवलेले असतात आणि एकाच्या किमतीत घरी सबंध घाणा निघतो. त्याला मी हा हिशोब पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. तरुण पोरांना तीन ग्रॅमनं काही फरक पडत नाही, ती वरून मापानं पावडर पितात. आईच्या बाबतीत मात्र तीनचे सहा होणं ही घडामोड आहे.

मग खजूर कमी करू म्हटलं. दोनशेचा सव्वाशे केला. गोळा वळेना. वळला तर ताटलीत ठेवताना फुटे, आणि अंथरुणात भुगा सांडला की मुंग्या. दाणे वाढवले तर पुन्हा तेच. या कामात मला पहिल्यांदा नीट दिसलं की, ज्याच्यासाठी लाडू करायचा आणि ज्यामुळे तो लाडू राहतो, त्या दोन वेगळ्याच वस्तू असतात. बेसनाचा तुपानं बांधला जातो, रव्याचा पाकानं, राजगिऱ्याचा गुळानं. पौष्टिक म्हणून आपण ज्याचं नाव घेतो ते आत सुटं, कोरडं बसलेलं असतं आणि त्याला धरून ठेवणारं नेमकं ते असतं जे डॉक्टर कमी करा म्हणतात. खजुरात हे काम त्याची साखर आणि त्याचा ओलावा मिळून करतात. ते काढलं की काही उरत नाही, नुसतं पौष्टिक पीठ उरतं. आणि पौष्टिक पीठ आई खात नाही, हे फडताळातल्या डब्यानं सिद्ध केलेलंच होतं.

तो डबाही शेवटी काढला, हे सांगून टाकते. दोन मापं पावडर मिश्रणात ढकलली. गोळ्यामागे आकडा पाचवर गेला. पहिल्या दिवशी ठीक लागले. फ्रिजमध्ये एक रात्र गेली आणि ही पावडर खजुराचं सगळं पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी गोळे असे झाले की आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी एक जमिनीवर टाकून दाखवला. फुटला नाही. चव वेगळीच गोष्ट, तो टाळूला चिकटून बसायचा. कवळी घालणाऱ्या माणसाच्या टाळूला काही चिकटलं की त्याला ते सगळ्यांसमोर बोटानं काढता येत नाही, न्हाणीघरात जावं लागतं. आणि आईला न्हाणीघरात जायचं म्हणजे वॉकर, मावशी, आणि दहा मिनिटं. तिळाचंही तेच. एक अख्खा तीळ कवळीखाली गेला की जेवणाचा विचारच संपतो. वृद्धांच्या आहाराबद्दल मी पुष्कळ वाचलं त्या दिवसांत. कवळीखालच्या तिळाबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. तेव्हापासून तीळ आधी एकटे बारीक करून घेते.

पण हे सगळे नंतरचे शोध. पहिल्या दिवशीच्या त्या गप्प बसण्याचा यांतल्या कशाशी संबंध नव्हता. तेव्हा गोळा मऊ होता, ताजा होता, तीळही बऱ्यापैकी वाटले गेले होते. गोड होता. मग काय झालं होतं?

ते कळलं ते अपघातानं. एका रविवारी दुकानातले आयते दाणे खवट निघाले. खवट दाणा एखादाच असतो, पण मिक्सरमधून फिरला की सगळ्या घाण्याला लागतो; म्हणून मी दोन-चार चाखून बघते आणि त्यातला एक तोंड कडू करणारा निघाला की अख्खी पिशवी परत. घरात कच्चे होते, सोलापूरहून आलेले. लोखंडी कढई काढली, गॅस बारीक केला आणि भाजायला घेतले. पहिली काही मिनिटं काही होत नाही, नुसती खसखस आवाज करत दाणे फिरतात. त्यांच्यातला ओलावा निघून जायचा असतो. मग एखादा तडकतो, मग दुसरा, सालं सैल होऊन गडद होऊ लागतात, आणि मग तो वास येतो. हा वास दाण्यात आधीपासून नसतो, हे मी नंतर वाचलं. दाण्यातल्या प्रथिनांचे घटक आणि त्यातली थोडीशी साखर उष्णतेनं एकमेकांना भिडतात तेव्हा तो तयार होतो. म्हणजे ज्याला आपण खमंग म्हणतो त्यातही कागदावरच्या त्याच प्रथिनांचा वाटा आहे, फक्त तो पोटात जाण्याआधी नाकात जातो.

वास स्वयंपाकघरातून निघाला, पॅसेजमधून आईच्या खोलीत गेला.

'खाली लागतंय बघ,' आतून आवाज आला. 'हलवत राहा. आणि एवढ्यात उतरवू नकोस, एक चावून बघ आधी.'

कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन स्वयंपाकघराशी बोलणं केलं होतं. मी दाणा चावून बघितला, मध्ये अजून मऊ होता. तसं ओरडून सांगितलं. 'मग? म्हणाले नव्हते?' पुढची दहा मिनिटं तिनं खोलीतून भाजणं चालवलं. गॅस बंद कर पण कढईतच राहू दे, तापलेल्या लोखंडात पुढचं होतं. ताटात पसर. गार झाल्याशिवाय चोळू नकोस, साल सुटत नाही. मावशींना सांगून तिनं स्वतःला वॉकरवर उभं करवलं आणि बाल्कनीच्या दारापर्यंत आली, कारण मी सूप नाही म्हणून ताटातच दाणे पाखडत होते आणि सालं उडवायला तोंडानं फुंकत होते, आणि ते तिला बघवेना. फिजिओथेरपीवाल्या मुलाला जे जमत नव्हतं ते शेंगदाण्याच्या सालांनी केलं. पलंग ते बाल्कनी, आणि उभ्या उभ्या सूचना.

त्या दिवशीचा गोळा तिनं पूर्ण खाल्ला आणि वर मत दिलं. 'ओट्स कच्चट लागतात. तेही परतून घे.' ओट्स खरं तर गिरणीतून वाफवून, दाबूनच येतात, कच्चे नसतात. पण तिला मी हे सांगितलं नाही, कारण तव्यावर परतल्यावर ते खरंच वेगळे लागतात.

मी त्यावर बराच विचार केला. आमच्या सोलापूरच्या घरात लाडू होत असले की ते आधी जिन्याला कळत. बेसन भाजताना पाऊण तास आई स्टोव्हशी, डावा हात कमरेवर, उजव्या हातात उलथनं. मनगट भरून आलं की हात बदलायचा, पण थांबायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली डोकावून 'कोण यायचंय का?' विचारत. शाळेतून येताना फाटकाशी वास आला की आम्ही पळत सुटायचो. खाण्याची सुरुवात तिथून व्हायची, लाडू हातात यायच्या कितीतरी आधी. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय, ही बातमी नाकानं आधी आणलेली असे. माझे पहिले गोळे पंधरा मिनिटांत, दार लावून, मिक्सरच्या घरघरीत तयार झाले आणि थेट वाटीतून तिच्यापुढे गेले. तिला माहीतच नव्हतं काही केलंय म्हणून. दुकानातून आणलेलं औषध ठेवावं तशी मी ती वाटी ठेवली, आणि तिनं ते औषधासारखंच चाखून, काही न बोलता, बाजूला सारलं. चांगल्या-वाईटाचं मत द्यायला आधी त्या पदार्थात शिरायला लागतं. मी तिला दारच ठेवलं नव्हतं.

यात एक अडचण आहे आणि ती मला टोचते. ते पाऊण तासाचं बेसन कुणी भाजायचं? ते मनगट कुणाचं? आईचं आज जे दुखतं त्यात लोखंडी कढया आणि पितळी उलथन्यांचा वाटा नाही असं मला कुणी पटवून देऊ नये. न भाजता, न पाक करता होणारा खाऊ कुणाला सुचला असेल तर मी त्याला हात जोडते. मला ऑफिस आहे, आई आहे, रात्री साडेनऊला भांडी असतात. त्यामुळे वासासाठी म्हणून पुन्हा सगळं जुनं सुरू करणार नाही. मी फक्त दाणे घरी भाजते आणि त्याच गरम कढईत ओट्स फिरवून घेते. बाकीचं मिक्सर करतो. वीस मिनिटं जास्त जातात, पण त्या वीस मिनिटांत आई खोलीतून बोलते.

दाण्यांवरून मग उखळ निघालं. सोलापूरला शेंगाची चटणी उखळात कुटतात, आणि ती चांगली कुटली की नाही हे तेल सुटल्यावर कळतं. मिक्सरच्या पात्यानं दाणा कापला जातो, कोरडा कूट होतो. कुटल्यानं तो दबतो, चेंगरतो आणि, मुळात निम्मा तेलाचाच बनलेला असल्यानं, तेल सोडतो. 'आमच्या आईच्या शेंगाच्या लाडवाला गूळ नावाला लागायचा,' आईनं सांगितलं. 'कुटून कुटून तेलावरच बसायचा.' म्हणजे माझी खजूर कमी करण्याची सगळी खटपट तिच्या माहेरच्या उखळानं आधीच सोडवून ठेवली होती. मी मिक्सर थांबवत थांबवत, दाणे एकटे, जरा जास्त वेळ, कूट भांड्याला चिकटू लागेपर्यंत फिरवून बघितले. तेल सुटतं. खजूर दोनशेचा दीडशेवर आला आणि गोळा धरला. गोळ्यामागचा आकडा फार हलला नाही, गोडी मात्र उतरली.

हे वाचून कुणी 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणणार असेल तर थांबा. कुटुंबाच्या ग्रुपवर तो संदेश मला रोज येतो, खाली हात जोडलेले. आजी लाडू करायची ते प्रथिनं मोजून नाही. उपासाला पोट भरावं, शेतावरून आलेल्याला लगेच ताकद यावी आणि डबा पंधरा दिवस टिकावा म्हणून. तिच्या लाडवात गूळ आणि तेल हाच मुद्दा होता. आणि ज्या शेंगदाण्यावर सोलापूरची सगळी शेंगापोळी, चटणी, लाडू उभे आहेत तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कधीतरी तोही ओट्सइतकाच परका असणार आणि कुणीतरी सासूबाईंनी नाक मुरडलं असणार. मला त्यात डाळ्याचं कौतुक जास्त वाटतं. पंढरपूरहून चुरमुऱ्यांबरोबर प्रसादात यायचं, आम्ही मुलं ते वेचून बाजूला काढायचो आणि बत्तासे खायचो. त्यात शंभर ग्रॅमला वीसच्या वर प्रथिनं आहेत, भाजलेलं आहे, पचायला जड नाही, मिक्सरमध्ये क्षणात पीठ होतं आणि महागड्या डब्यातल्या पावडरीसारखं पाणी ओढून दगड होत नाही. मी आता ओट्स निम्मे करून डाळं वाढवलंय. आईला ते कळलं. 'आता जरा लाडवासारखा लागतोय,' एवढं बोलली.

आकडा तरीही पुरा होत नाही, हे नमूद करते. दोन गोळ्यांनी सहा-सात ग्रॅम मिळतात, बाकी आमटीतली डाळ घट्ट करून, ताकाऐवजी वाटीभर दही देऊन गाठावे लागतात, आणि एखादा दिवस नाहीच गाठले जात. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात चालेल, आठवड्याची सरासरी बघा. मी सरासरी काढते. आई ते बघते आणि तिला हसू येतं, कारण तिनं चार माणसांचं घर आयुष्यभर अंदाजानं चालवलं.

आणि तिचा अंदाज कुठे जातो तेही मला उशिरा समजलं. सकाळी वाटीत दोन ठेवले की संध्याकाळी वाटी रिकामी असायची, मी खूश. एक दिवस लवकर घरी आले तर दुसरा गोळा मावशींच्या हातात. 'ती सकाळी सहाला निघते घरातून,' आई म्हणाली. 'चहावर. विचारलंयस कधी?' मी विचारलं नव्हतं. मग तीन ठेवायला लागले. तिसरा फिजिओथेरपीवाल्या मुलाला जाऊ लागला. तो फार वाळका आहे असं तिचं म्हणणं, आणि दुसऱ्यांचे स्नायू वाढवायचे तर आधी स्वतःला नकोत का. आता चार ठेवते आणि दर रविवारी कढई निघते. परवा आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला, लाडू दिवसाला किती जातात म्हणून त्यांनी विचारलं. आईनं फोन माझ्या हातून घेतला आणि माझ्याकडे बघत ठणकावून सांगितलं, 'चार.'